बिनघोड्याचा वेस्टर्न

भोरच्या घरी सगळे जमले की आधी जेवण आणि मग भांडण, असा नानांच्या घराण्याचा शिरस्ता. त्या रविवारी मात्र भांडण जेवणाआधीच निघालं, आणि तेही घोड्यावरून.

धम्मदीप सकाळीच मुंबईहून आला होता. नानांचा हा धाकटा मुलगा मालिकांचे संवाद लिहायचा. सासूने सुनेला काय बोलावं आणि सुनेने दाराआडून काय ऐकावं, हे ठरवता ठरवता त्याचे केस मागे सरकले होते. दोन मालिका पाठोपाठ बंद पडल्या आणि त्याचा फोन वाजायचा थांबला. अशात एका कंपनीने विचारलं, मराठीत वेस्टर्न करायचाय, वेब सिरीज, सह्याद्रीतली, तुमच्याकडे काही आहे का. काहीही नसताना हा 'आहे' म्हणाला. मग आठवडाभर डोकं खाजवल्यावर त्याला आपला आजा आठवला. मंगळवारी कंपनीच्या लोकांपुढे गोष्ट मांडायची होती. ती पटली नाही तर मुंबईतली खोली सोडून भोरला परतावं लागणार, हे त्याने घरात सांगितलं नव्हतं, पण एवढं न कळण्याइतकं घर दुधखुळं नव्हतं.

गोष्ट घरचीच, तेव्हा घरच्यांना आधी ऐकवावी, असं दीपमालाने सुचवलं. ती मधली बहीण, भोरच्या कॉलेजात इतिहास शिकवायची आणि धाकट्याची बाजू घेणं हा तिचा जुना धंदा. थोरला संजय आणि त्याची बायको गायत्री आंबेटेपहून टेम्पो घेऊन आले. आंबेटेप म्हणजे पासली गावाच्या वरच्या अंगाची वाडी. घराण्याचं मूळ तिथलं, आणि तिथलं भात अजून संजयच लावायचा. गायत्रीने येताना परड्यातला फणस आणला होता. बाहेरच्या खोलीत पोतं अंथरून, हातांना गोडेतेल चोळून ती कोयत्याने तो फोडायला बसली. तिच्या शेजारी, भिंतीला टेकून, नानांची थोरली बहीण भामाबाई. तिने नेहमीप्रमाणे आधीच सांगून टाकलं, की मला फणस बाधतो.

नाना खुर्चीत होते. एसटीच्या भोर डेपोत ते वाहतूक नियंत्रक होते, आणि निवृत्तीनंतरही त्यांचं घरातलं बोलणं गाडी फलाटाला लागल्याची घोषणा करावी तसंच राहिलं होतं. त्यांना वेस्टर्न समजावून सांगायची गरज नव्हती. कंडक्टर होते त्या दिवसांत, स्वारगेटला गाडी मुक्कामी असली की ते पुण्यातल्या थिएटरात घोड्याचे इंग्रजी सिनेमे बघत. भाषा कळत नसे, पण कोण चांगला आणि कोण वाईट ते टोपीवरून कळायचं. त्यांनीच भामाबाईला सांगितलं, की एकटा माणूस घोड्यावरून एका गावात येतो, तिथे कायदा नसतो, तो सगळं सरळ करतो आणि निघून जातो.

"अन् त्याच्या घोड्याला चारा कोन घालतं?" गायत्रीने विचारलं.

सगळे हसले. संजय हसला नाही.

धम्मदीपने गोष्ट सांगायला घेतली. भोर संस्थान विलीन झालं तो उन्हाळा. राजाचा अंमल संपलाय, नव्या सरकारचा माणूस अजून घाट चढून आलेला नाही. मधल्या त्या दिवसांत आंबेटेप आणि पलीकडचं गाव यांच्यात वाघजाईच्या माळावरून तंटा पेटतो. गुरांचा चारा सगळा त्या माळावर, त्यामुळे कुऱ्हाडी निघतात. शीव कुठली हे सांगू शकेल असा एकच माणूस असतो, गावचा येसकर. अंगावर घोंगडी, हातात घुंगरांची काठी. रात्री गावाची राखण त्याने करायची, वसुलीची थैली त्याने पोचवायची, मेलेलं जनावर त्याने ओढायचं आणि भाकर मात्र दारादारांत उभं राहून मागायची. जुन्या रिवाजाने तो अंघोळ करून गावाची माती डोक्यावर घेतो आणि अनवाणी चालत सुटतो. तो चालेल ती शीव. बाकी सगळे घोड्यांवर आणि हा एकटा पायी. घोडा नसलेला नायक असलेला वेस्टर्न अजून कुणी केलेला नाही, असं धम्मदीप म्हणाला, आणि हे म्हणताना त्याचा चेहरा खूप दिवसांनी उजळला.

शेवट घरात सगळ्यांना पाठ होता. येसकर शीव राखतो, गाव त्याला पुन्हा मेलेला बैल ओढायला बोलावतं, आणि तो रखमाजी पाटलाच्या दारात काठी फेकून भोरची वाट धरतो. तो येसकर म्हणजे चिमाजी, नानांचे आणि भामाबाईचे वडील. नानांनी ही गोष्ट दर जयंतीला सांगितलेली. काठी फेकल्यावर घुंगरं कशी वाजली तेही ते तोंडाने करून दाखवत.

"फर्स्ट क्लास," नाना म्हणाले. "फक्त काठी फेकताना पाटील पायरीवर उभा पाहिजे. वर तो, खाली आपला बाप."

दीपमालाचे डोळे भरून आले होते. आपल्या माणसाला पडद्यावर मान वर करून चालताना बघायला किती पिढ्या गेल्या, असं काहीसं ती म्हणाली. भामाबाईने पदराने तोंड पुसलं आणि पाणी मागितलं.

बोलला तो संजय. तो घुश्श्यातच आला होता. पाटलाचं नाव बदल, वाडीचं नाव बदल, नाहीतर हा उद्योगच सोड, असं त्याचं म्हणणं. रखमाजी पाटलाचा नातू धनाजी त्याच्या बांधाला बांध लावून राहतो. बोअरचं पाणी दोघांत, पॉवर टिलर दोघांत. वाघजाईचा माळ गावाचा होता होता पाटलांच्या घरचा कसा झाला ते आता कुणी विचारत नाही. तिथे पुण्याच्या लोकांचे बंगले उठलेत आणि त्यांच्या विटा संजयच्याच टेम्पोतून जातात.

"तू मुंबईला निघून जाशील," तो म्हणाला. "धनाजीच्या तोंडाला तोंड मला द्यायचंय. लावणीला त्यानं पानी तोडलं, तर तुजी कंपनी येनार हाय का टँकर घिऊन?"

नाना भडकले. पाटलाच्या भीतीने बापाची गोष्ट दाबायची, हे त्यांना सहन होणारं नव्हतं. पाण्यासाठी लाचारी करतोस, असं ते थोरल्याला म्हणाले. संजयने विचारलं, की भोरात नळाचं पाणी पिऊन स्वाभिमान सांगायला काय लागतं. दीपमालाने त्याला गप्प बसायला सांगितलं, मग गायत्रीने कोयता खाली ठेवला, कारण नवऱ्याला स्वतः कितीही बोलली तरी नणंदेने बोललेलं तिला खपत नसे. जरा वेळ कोण कुणाला काय म्हणतंय हेही कळेनासं झालं.

धम्मदीप या सगळ्यात नव्हता. तो मनात मोजमाप करत होता. शेवट चांगला होता, सुरुवात मात्र लंगडी होती. डोक्यावर माती घेऊन चालणारा माणूस पाहून बघणारा थांबेल का? कंपनीच्या शेफालीने बजावलं होतं, की पहिल्या मिनिटात माणूस खिळला पाहिजे, नाहीतर बोट पुढे सरकतं. तो आत्याकडे वळला. त्या वेळची हयात असलेली तीच एक. तिला काही आठवतं का, आजा चालला त्या दिवशीचं, ऊन कसं होतं, पायांचं काय झालं, असं त्याने विचारलं.

"तेच्यावर शिनेमा करू नगंस," भामाबाई म्हणाली.

तिचा आवाज मोठा नव्हता, पण नाना बोलायचे थांबले. घरात ती शेवटचं कधी कुणाला 'नको' म्हणाली होती, ते कुणाला आठवेना. नवरा गेल्यावर ती भावाकडे राहायला आली, त्यालाही पुष्कळ वर्षं झाली होती. मिळेल ते खावं, सांगतील तिथे निजावं, असं तिचं राहणं.

"का गं अक्का?" नानांनी विचारलं. "बापाचं नाव होतंय."

"नाव हुतंय त्या काठीचं. काठी पाटलाच्या दारात कुटं टाकली व्हती त्यानं?"

नानांना हसावं की रागवावं कळेना. अक्का, वय झालं तुझं, असं ते म्हणाले. ही चूक त्यांनी करायला नको होती. म्हातारीने त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग त्यांच्याकडे पाठ होईल अशी गायत्रीकडे वळून बसली. पुढचं सगळं तिने गायत्रीला सांगितलं. बाकीच्यांनी ऐकलं एवढंच.

चिमाजी चालला ते खरं, आणि चालला ती शीवही खरी. पण नुसतं चालून भागत नसे. माती डोक्यावर घेतल्यापासून पुढच्या अमावास्येपर्यंत त्याच्या घरावर सगळ्यांचा डोळा. तेवढ्यात घरात कुणी दगावलं, आजारी पडलं, आग लागली, तर माणूस खोटं चालला असं धरायचे, आणि माळ पलीकडच्यांना जायचा. म्हणून पलीकडच्या गावाने दोन माणसं दारात आणून बसवली. आपल्यातलीच, त्या गावच्या महारवाड्यातली. एक तर आईचा चुलतभाऊ. ती दिवसरात्र अंगणात बसून असायची. घरातलं शिंकलेलं त्यांना ऐकू जायचं.

"माज्या पाठीवर एक भाऊ व्हता," भामाबाई म्हणाली. "सटवा. नानाच्या आदी."

नानांनी खुर्चीचा हात धरला. आपल्या आधी कुणी होतं, हे त्यांना आज कळत होतं.

"त्येला ताप भरला. आई म्हनली, भोरला न्यावा, दवाखान्यात. बा काय बोलंना. मागल्या दारानं रखमाजी पाटील आला. घरात न्हाई आला, परड्यात हुबा ऱ्हायला. म्हनला, चिमाजी, पोराला भाईर काडलंस तर कुऱ्हाडी चालत्याल. अमावास्या हू दे, म्या सोता घोड्यावर घालून भोरला नेतो."

"घोडा होता त्याच्याकडे?" धम्मदीपने विचारलं.

दीपमालाने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने मान खाली घातली. पण प्रश्न विचारून झाला होता.

"व्हता की. पांढरा व्हता." भामाबाई पुन्हा गायत्रीकडे वळली. "पोरगं कन्हायचं. तापात लई कन्हतंय बघ ल्येकरू. अंगनात ऐकू जाईल म्हनून आईनं मला उखळाशी बसवलं. कांड म्हनली. म्या आठ वर्साची. मुसळ माज्यापरीस उंच. त्यो कन्हला की म्या जोरानं कांडायची. घरात भात तरी कुटलं? दोन दिसात संपलं, मंग म्या कोंडाच कांडत ऱ्हायले. अंगनातला मामा म्हनला, चिमाजीच्या घरात यवडं कांडत्यात काय? मंग पाटलानं आपल्या घरचं भात धाडून दिलं. पोतं."

तिचा उजवा हात मांडीवर होता. बोलताना तो उचलला जात होता आणि पुन्हा मांडीवर येत होता, अगदी हळू, आवाज न करता. गायत्री त्या हाताकडेच बघत होती. तिला दोन मुलं होती. त्यांच्या तापाच्या रात्री तिला आठवल्या.

"एक दिस कन्हायचं थांबलं. म्या मुसळ ठिवलं. तर आई आतनं म्हनली, थांबू नगंस. येकदम थांबलं तर कळंल. मंग तिनं परड्यात खड्डा केला, काळोख पडल्यावर, हातानं. बा दारात त्या दोघांसंगट बसला व्हता, तमाकू मळत. त्येला उटताच येईना. आन् म्या कांडत व्हते. अमावास्या हुईस्तोवर कांडलं. शीव ऱ्हायली. गावानं गुलाल उधळला."

बाहेर रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला.

"पाटलाच्या त्या तांदळाचं काय झालं म्हाइतीय का?" भामाबाई म्हणाली. "आमच्या हातचं कांडल्यालं त्यांच्या घरात चालत न्हवतं. मंग ते आमालाच ऱ्हायलं. सटवा गेला त्या दिशी आमच्या घरात पयल्यांदा पोटभर भात झाला. म्या खाल्ला. मला भूक लागली व्हती."

गायत्रीने तेलाचे हात तसेच पुढे करून म्हातारीचे हात धरले. मग काहीतरी लक्षात येऊन तिने पोत्यावरच्या फणसाकडे पाहिलं. अर्धा फोडून झाला होता, गरे परातीत काढलेले होते. परड्यात एकच फणस होता.

"आत्याबाई, फनस कुनी लावला वो?"

"आईनं. जागा उकरल्याली दिसू ने म्हनून." भामाबाईने हात सोडवून घेतले. "मला बाधत न्हाई. म्या खात न्हाई."

दीपमाला उठून मोरीत गेली. नळ सोडल्याचा आवाज आला आणि बराच वेळ चालू राहिला.

नानांना एकेक आठवायला लागलं. भोरच्या या घरात उखळ कधीच नव्हतं. चटणी कुटायलासुद्धा आई शेजारी जायची, आणि भात गिरणीतून काढून आणायची, हाताशी पैसा नसतानाही. त्यांना वाटायचं जागा नाही म्हणून. शेजारी कुणी कांडायला लागलं की वडील उठून वेशीपर्यंत फिरून यायचे. त्यावर तर नानांनी जयंतीत एक विनोद बसवला होता, की आमचा बाप शीव सोडली तरी वेस सोडेना. लोक हसायचे.

"तू मला कधी सांगितलं नाहीस," ते म्हणाले.

"तू भाषान करत व्हतास," भामाबाई म्हणाली.

"आणि काठी?"

"काठी टाकली ते खरं. उखळापाशी टाकली. अमावास्या सरल्यावर घरात आला, हातातली काठी खाली पडली त्येच्या, आन् मला म्हनला, आता थांब पोरी. म्या थांबले. भोरला आला त्यो मानानं न्हाई आला. त्या घरात त्येला निजता येत न्हवतं म्हनून आला."

मग भांडणातल्या सगळ्या बाजू फिरल्या. संजय, जो सकाळपासून नको नको करत होता, ताडकन उभा राहिला. आता तर दाखवच, तो भावाला म्हणाला. नावानिशी दाखव. ज्या माळावर धनाजीने बंगले उठवले तो कुणाच्या जिवावर राहिला, ते अख्ख्या तालुक्याला कळू दे. पाणी तोडायचं तर तोडू दे. त्याच्या कपाळाची शीर फुगली होती. गायत्रीला हा माणूस नवा होता, आणि तिला तो आवडला नाही. आपण काय खात आलो हे कळल्यावर याला पहिला धनाजीच आठवला, एवढं तिने मनात टिपून ठेवलं.

नाना एकदम विरुद्ध गेले. हे बाहेर जाता कामा नये, असं ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजातली ती फलाटावरची खणखण कुठे गेली कळेना. लोक काय म्हणतील? पोटचं पोर मरू दिलं आणि पाटलाची शीव राखली म्हणतील. काठी फेकणारा बाप राहू द्या, ही गोष्ट घरात पुरा.

"पुरलीच होती, नाना," मोरीतून परत आलेली दीपमाला म्हणाली. "तुमच्या इतक्या वर्षांच्या गोष्टीत आजी कुठे होती? एकदा तरी होती का? आत्याला कुणी विचारलं?" मग ती धाकट्याकडे वळली. "आणि तू. तू घोड्याचा रंग विचारलास."

"मी रंग नाही विचारला."

"विचारणार होतास."

ते खरं होतं. दीपमाला पुढे म्हणाली, की तू हे विकणार आहेस, आणि मला त्यात धरू नकोस. लहानपणापासून ज्या बहिणीने त्याची प्रत्येक चूक अंगावर घेतली तिने पर्स उचलली आणि न जेवता घरी निघून गेली. गायत्रीने फणस तसाच पोत्यात गुंडाळला. टेम्पोत परत न्यायचा की इथेच टाकायचा, हे तिला ठरवता येईना. शेवटी तिने तो मोरीच्या कोपऱ्यात ठेवून दिला.

खोलीत धम्मदीप आणि आत्याच राहिले. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. त्याला वाईट वाटत होतं, अगदी मनापासून वाटत होतं. आणि त्याच वेळी त्याला ठाऊक होतं, की आपल्याला आपली सुरुवात मिळाली. या दोन गोष्टी एकाच माणसात एकाच वेळी राहू शकतात, हे त्याच्या धंद्याने त्याला कधीच शिकवून ठेवलं होतं. त्याला स्वतःची किळस आली, पण तीही फार वेळ टिकली नाही.

"आत्या, मी हे सांगू का लोकांना?"

भामाबाईने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. केस मागे गेलेल्या त्या कपाळावर तिचा हात थांबला.

"खोली सोडाया लागंल व्हय रं तुला?"

त्याने मान डोलावली.

"सांग मंग. बा चालला ते सांग. सटवा गेला ते सांग, त्येचं नाव घिऊन सांग, त्येचं नाव कुनी घेतलंच न्हाई. भात सांग. फनस सांग. सगळं सांग." ती थांबली. "पर त्यो मुसळाचा आवाज कुनाला ऐकवू नगंस. त्यो मला अजून येतुया. रोज येतुया. त्यो शिनेमात वाजला तर म्या मेल्यावरबी कांडत ऱ्हाईन बघ. तेवडा यक सोड."

"सोडला."

"सबूद?"

त्याने तिचा हात हातात घेतला. गायत्रीच्या बोटांचं तेल आणि फणसाचा चीक त्यावर अजून होता.

"शब्द," तो म्हणाला.

संध्याकाळी संजयने त्याला टेम्पोतून डेपोत सोडलं. नाना आले नाहीत. मुलगा मुंबईला निघाला की फलाटावर येऊन, ड्रायव्हरला ओळख देऊन त्याला खिडकीची जागा मिळवून देणं हा त्यांचा निवृत्तीनंतरचा शेवटचा अधिकार होता, तो त्यांनी त्या दिवशी वापरला नाही. तो उतरताना संजय म्हणाला, की मागे हटू नकोस, मी आहे. धम्मदीपला प्रथमच थोरला भाऊ पाठीशी मिळाला होता आणि त्याचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं.

गाडीत तो मनातल्या मनात जुळवत राहिला. आवाज नको. मग सुरुवात चालण्यापासून. अनवाणी पाय, डोक्यावर माती, मागे घोडेस्वार. चांगलं आहे. आवाज नसला तरी चांगलंच आहे, असं त्याने स्वतःला चार वेळा सांगितलं. गाडी हायवेला लागली आणि फोन वाजला. शेफाली होती.

"सॉरी, रविवारी त्रास देतेय. मंगळवारची मीटिंग आजच करतोय, सर उद्या बाहेर चाललेत. बाकीच्यांचं ऐकून झालं. तू फक्त पहिला सीन सांग, दोन मिनिटं. स्पीकरवर टाकते."

त्याने सांगितलं. संस्थानाचा शेवट, शीव, माती, पायी चालणारा येसकर, बिनघोड्याचा वेस्टर्न. गाडीच्या आवाजात त्याला मोठ्याने बोलावं लागत होतं. समोरच्या सीटवर एक म्हातारी बसली होती, मांडीवर पिशवी. तिने एकदा मान वळवून पाहिलं.

पलीकडून एक पुरुषी आवाज म्हणाला, की हे जरा डॉक्युमेंटरीसारखं वाटतंय. दुसऱ्या कुणीतरी कॉफी मागवली, एक बिनसाखरेची. शेफाली म्हणाली, "छान आहे, वेगळं आहे. पण धम्मदीप, पहिल्याच मिनिटात पकड हवी ना. बाकी दोघांनी चांगलं आणलंय. अजून काही आहे का? नसेल तर मग बोलूच आपण नंतर."

'नंतर बोलू'चा अर्थ त्याला पाठ होता. गाडी वाटेतल्या एका थांब्यावर उभी होती. कंडक्टर खाली उतरून कुणाशी तरी बोलत होता, इंजिन बंद, गाडीत एकदम शांत. मुंबईतली खोली, भोरचं घर, बाहेरच्या खोलीत आत्याशेजारी अंथरलेली आपली गादी, हे सगळं त्याला स्पष्ट दिसलं.

"आहे," तो म्हणाला. "पडदा काळा. काही दिसत नाही. फक्त मुसळाचा आवाज येतोय."

कॉफी सांगणारा मधेच थांबला.

"घरात कुणीतरी कांडतंय. बाहेर अंगणात दोन माणसं कान लावून बसलीत. मग हळूहळू दिसतं, की कांडणारी आठ वर्षांची पोरगी आहे आणि उखळात काहीच नाही."

"ओह," शेफाली म्हणाली. "का कांडतेय ती?"

"ते आपण सांगत नाही. पहिल्या भागाच्या शेवटापर्यंत सांगत नाही. फक्त आवाज."

"कसा आवाज?" तो मघाचा पुरुषी आवाज आता फोनच्या अगदी जवळ आला होता. "म्हणजे रिदम कसा आहे? ऐकव ना."

धम्मदीपने फोन समोरच्या सीटच्या पत्र्याजवळ धरला. मूठ वळली, आणि त्या पाठीवर ती एकसारखी, सावकाश आपटायला सुरुवात केली. समोरची म्हातारी दचकून वळली आणि त्याच्याकडे बघत राहिली. पलीकडे सगळे ऐकत होते, आणि तो थांबला नाही.